एलएल.एम. प्रवेशापासून विधी महाविद्यालयातल्या कायम पदापर्यंत

कायद्याचे प्राध्यापक व्हायचे असेल तर हिशेब ५५ या आकड्यापासून मांडावा. एलएल.एम.ला प्रवेश मिळायला एलएल.बी.त साधारणपणे ५० टक्के पुरतात. पण एलएल.एम. पूर्ण होताना ५५ टक्के हातात नसतील, तर खुल्या प्रवर्गातल्या उमेदवारासाठी नेट आणि सेट (अध्यापक होण्यासाठीच्या अनुक्रमे राष्ट्रीय व राज्य पात्रता परीक्षा), पीएच.डी. आणि सहायक प्राध्यापकपद हे चारही रस्ते एकाच वेळी अडतात. आकडा वर सरकवून धरण्याची सोयही नाही. नेटच्या माहितीपत्रकात तसे स्पष्ट लिहिलेले असते, त्यामुळे ५४.९ म्हणजे ५५ नव्हे. कायद्याच्या परीक्षांत गुण हात राखूनच दिले जातात. पहिल्या सत्रात ५१-५२ टक्के पडले की पुढच्या सत्रांत ते भरून काढताना दमछाक होते. म्हणून प्रवेशाचा विचार करतानाच पुढची सगळी साखळी डोळ्यांपुढे असावी.

एक वर्षाचा की दोन वर्षांचा?

भारतात एलएल.एम. दोन प्रकारे होते. विद्यापीठांचा जुना अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांद्वारे एक वर्षाच्या एलएल.एम.ला वाट करून दिली आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांत आज तोच चालतो. हा अभ्यासक्रम २४ क्रेडिटचा असतो. त्यात तीन अनिवार्य विषय असतात: संशोधन पद्धती व विधी शिक्षण, तौलनिक सार्वजनिक कायदा, आणि जागतिकीकरणातील कायदा व न्याय. त्यांच्या जोडीला विशेषीकरणाचे विषय आणि शोधप्रबंधिका असते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२० च्या नियमांतून एक वर्षाचा अभ्यासक्रम बंद करायचे ठरवले होते. त्या नियमांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि विद्यापीठांनी अभ्यासक्रम सुरूच ठेवला. तुम्ही अर्ज कराल तेव्हा या वादाची स्थिती काय आहे, ते एकदा पाहून घ्या.

निवड कशी करावी? वय तिशीकडे झुकलेले असेल आणि जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, जिला वयाची मर्यादा आहे) मिळवायची असेल, तर एक वर्ष वाचणे मोलाचे आहे. मात्र त्या एका वर्षात शोधप्रबंधिकेला फार तर चार-पाच महिने मिळतात आणि नेटच्या अभ्यासाला जेमतेम वेळ उरतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नेट किंवा सेटला एकाहून जास्त वेळा बसता येते, वाचन मुरते आणि फी सहसा कमी असते. त्याची उणी बाजू अशी की अनेक महाविद्यालयांत तासिका नियमित होत नाहीत, त्यामुळे विद्यार्थी स्वतःहून वाचणारा हवा. प्राध्यापक व्हायच्या इच्छेने येणाऱ्याला आमचा सल्ला असा: चांगल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळत असेल तर एक वर्षाचा अभ्यासक्रम घ्या. नाहीतर ज्या महाविद्यालयात तुमच्या विषयाचा मान्यताप्राप्त पीएच.डी. मार्गदर्शक आहे, तिथे दोन वर्षांचा घ्या. पुढे त्याच मार्गदर्शकाकडे पीएच.डी.ची वाट मोकळी होऊ शकते.

दूरस्थ किंवा ऑनलाइन एलएल.एम.च्या जाहिराती दिसतात. यूजीसीच्या २०२० च्या दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण नियमांत कायदा हा विषय प्रतिबंधित यादीत आहे. अशी पदवी अध्यापनाच्या पदासाठी उपयोगी पडत नाही, मग तिचे नाव ‘एक्झिक्युटिव्ह’ असो की ‘प्रोफेशनल’. परदेशात एक वर्षाचे एलएल.एम. करणाऱ्यांनीही निघण्यापूर्वीच समकक्षतेचा प्रश्न लेखी विचारून घ्यावा. परत आल्यावर या एका कागदापायी वर्ष-दीड वर्ष सहज जाते.

प्रवेश परीक्षा आणि अर्ज

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या एलएल.एम.साठी क्लॅट-पीजी द्यावी लागते. महाराष्ट्रातली मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर ही तिन्ही विद्यापीठे यात येतात. अलीकडची काही वर्षे परीक्षा डिसेंबरमध्ये होते आणि अर्ज त्याआधी पावसाळ्यात सुरू होतात. एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ही मोठी ठेच आहे. निकाल लागल्यावर बघू म्हणणाऱ्याचे अख्खे वर्ष जाते, कारण शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करायचा असतो. पात्रता एलएल.बी.त ५० टक्के, आणि अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के.

परीक्षा १२० मिनिटांची, १२० प्रश्नांची. प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण मिळतो आणि प्रत्येक चुकीला पाव गुण जातो. प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले असतात आणि उतारे बहुधा न्यायनिर्णयांतले असतात. संविधानाचा वाटा मोठा. त्याशिवाय न्यायशास्त्र, प्रशासकीय कायदा, करार, अपकृत्य, फौजदारी, कौटुंबिक, मालमत्ता, कंपनी, आंतरराष्ट्रीय, कर, पर्यावरण आणि कामगार कायदा. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ क्लॅटमध्ये नाही, त्याची ‘आयलेट’ ही स्वतंत्र परीक्षा असते.

तयारी निकालपत्रे वाचूनच होते. गाइडमधले सारांश पाठ करणारा दोन तासांत उताऱ्यांच्या ओझ्याखाली दबून जातो. रोज एका महत्त्वाच्या निकालपत्राचा एखादा भाग मूळ इंग्रजीत वाचावा आणि चार ओळी लिहून काढाव्यात: वादप्रश्न काय, न्यायालयाने काय ठरवले, कोणत्या आधारावर, आणि मतभेद असेल तर कुठे. मराठी माध्यमातून एलएल.बी. केलेल्यांना तर हे आणखी गरजेचे आहे. क्लॅट-पीजी इंग्रजीत असते, नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. ‘प्राङ्न्याय’ आणि ‘विबंध’ ठाऊक असून भागत नाही, रेस ज्युडिकाटा आणि एस्टॉपेल या नावांनीही त्या संकल्पना तितक्याच सहज आठवल्या पाहिजेत.

महाराष्ट्रातल्या पारंपरिक विद्यापीठांत एलएल.एम.चे प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेने किंवा गुणवत्ता यादीने होतात. पद्धत आणि तारखा विद्यापीठागणिक निराळ्या असतात. एलएल.बी.साठी दिलेली राज्याची सीईटी इथे चालत नाही. या प्रवेशांच्या सूचना फक्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येतात आणि मुदत कधी कधी दहा-पंधरा दिवसांचीच असते. म्हणून मे ते ऑगस्ट दर आठवड्याला संकेतस्थळ पाहत राहावे.

विशेषीकरण निवडताना आधी आसपासच्या विद्यापीठांच्या मागच्या दोन-तीन वर्षांतल्या अध्यापक भरतीच्या जाहिराती वाचा. बहुतेक महाविद्यालये पद ‘सहायक प्राध्यापक, विधी’ असेच काढतात, पण मुलाखतीत तुमच्या विशेषीकरणावरच प्रश्न येतात. संविधान, फौजदारी आणि व्यापारी कायदा हे विषय प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवावेच लागतात. सागरी किंवा अंतराळ कायद्यासारखे विषय अभ्यासाला कितीही रंजक असले तरी लहान शहरातल्या महाविद्यालयात त्यांचे तास नसतात.

कागदपत्रे: प्रवेश इथेच अडतो

एलएल.बी.च्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, टी.सी. हे कुणालाही सुचते. विसरतात ते पुढचे.

दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र लागते. जुन्या विद्यापीठाकडे निकालाच्या आठवड्यातच अर्ज टाका. पात्रता रखडली की पहिल्या सत्राचा निकाल राखून ठेवला जातो. सीजीपीए पद्धतीत शिकला असाल तर टक्केवारीत रूपांतराचे विद्यापीठाचे अधिकृत पत्र घ्या. स्वतः दहाने गुणून लिहिलेली टक्केवारी छाननीत टिकत नाही. मध्ये वर्ष गेले असेल तर खंडाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नावात एका अक्षराचा फरक असला, लग्नानंतर नाव बदलले असले, तर राजपत्राची प्रत लागते. हा फरक प्रवेशाच्या वेळी निभावून जातो आणि आठ-दहा वर्षांनी नियुक्तीला मान्यता देताना उभा राहतो. तेव्हा आत्ताच दुरुस्त करून घ्या.

आरक्षणाचा विषय जरा सावकाश समजून घ्यावा लागतो, कारण राज्याची आणि केंद्राची यादी एक नाही. महाराष्ट्रात प्रवेशाला व नोकरीला जातीचा दाखला, जात वैधता आणि चालू मुदतीचे नॉन-क्रीमीलेअर लागते. नेट मात्र केंद्राची परीक्षा आहे. तिथे इतर मागासवर्गाची सवलत फक्त केंद्राच्या यादीतल्या जातींना, आणि केंद्राच्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रावरच मिळते. राज्यात विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गात असलेल्या उमेदवाराने आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्ग यादीत आहे का, ते नावानिशी तपासावे. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग, ज्यात मराठा समाज येतो) हा प्रवर्ग फक्त राज्याचा आहे. मराठा उमेदवार नेटच्या अर्जात खुल्या किंवा अटी पूर्ण होत असतील तर आर्थिक दुर्बल घटकातच येतो. आर्थिक दुर्बल घटकाला आरक्षण आहे, पण नेटच्या पात्रतेत पाच टक्क्यांची सूट नाही. म्हणजे एसईबीसी उमेदवाराला एलएल.एम.त पूर्ण ५५ टक्केच लागतात. हे न कळल्याने ५२ टक्क्यांवर समाधान मानलेली मुले आम्ही नेहमी पाहतो. एलएल.एम. चालू असतानाच हे माहीत असले तर कमी गुणांच्या विषयांची परीक्षा पुन्हा देण्याची सोय विद्यापीठात आहे का, ते विचारता येते.

शोधप्रबंधिका

एलएल.एम.च्या काळात प्राध्यापकीची खरी तयारी इथे होते. सर्रास होणारी चूक म्हणजे अवाढव्य विषय. ‘भारतातील महिलांचे हक्क’ हा प्रबंधिकेचा विषय होऊ शकत नाही. ‘कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील निवासाचा हक्क: अमुक जिल्ह्यातील अमुक तीन वर्षांच्या आदेशांचा अभ्यास’ हा होऊ शकतो, कारण त्यात प्रश्न एक आहे, साहित्य मोजता येते आणि शेवटी काहीतरी नवे हाताला लागते.

पहिले दोन आठवडे फक्त प्रश्न ठरवण्यात घालवा. प्रश्न एका वाक्यात, प्रश्नचिन्हासह लिहिता आला पाहिजे. त्यानंतर महिनाभर आधीचे लेखन वाचा आणि कुणी काय म्हटले याची नोंद ठेवा. अभ्यास ग्रंथालयीन आहे की क्षेत्रीय, हे याच वेळी ठरते. क्षेत्रीय असेल तर न्यायालय, कारागृह किंवा पोलीस ठाण्याची परवानगी लवकर मागा. ती महिन्यात मिळेलच असे नाही. संदर्भ देण्याची पद्धत, ब्लूबुक असो, ऑस्कोला असो वा भारतीय विधी संस्थेची, पहिल्या पानापासून एकच ठेवा. शेवटच्या आठवड्यात दोनशे तळटीपा दुरुस्त करायला बसणे जिवावर येते.

वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीचे २०१८ चे नियम लागू आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे साम्य वाढेल तशी कारवाई कडक होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची: मोजणीतून वगळायच्या गोष्टींत कायद्याचा मजकूर, अवतरणचिन्हांत व संदर्भासह दिलेले उतारे आणि संदर्भसूची येतात. कलमे शब्दशः दिल्यामुळे अहवालात साम्य वाढलेले दिसले तर ग्रंथपालांना ही वगळणी करून अहवाल पुन्हा काढायला सांगा. पण निकालपत्रातले परिच्छेद अवतरणचिन्हांशिवाय उतरवले असतील तर ते चौर्यच ठरते.

नेट की सेट? दोन्ही

नेट ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते, जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत. विधी विषयाचा क्रमांक ५८. दोन्ही पेपर एकाच सलग तीन तासांच्या बैठकीत असतात: पहिला ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा आणि दुसरा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. खुल्या प्रवर्गाला एकूण किमान ४० टक्के, राखीव प्रवर्गांना ३५ टक्के लागतात. पण ते फक्त दार आहे. दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी सुमारे ६ टक्केच पात्र ठरतात आणि कटऑफ विषयवार व प्रवर्गवार लागतो.

कायद्याचे विद्यार्थी पहिल्या पेपरला कमी लेखतात. अध्यापन क्षमता, संशोधन, तर्क, आकडेवारीचे वाचन, संगणक, उच्च शिक्षण यंत्रणा असा तो असतो आणि शंभर गुण खाऊन बसतो. दुसऱ्या पेपरात सगळे हुशार उमेदवार जवळपास सारखेच गुण मिळवतात. फरक पडतो तो पहिल्यात. तीन महिने रोज एक तास त्याला दिला तर तिथे दहा-बारा प्रश्न वाढवणे शक्य असते.

दुसऱ्या पेपरात दहा घटक आहेत: न्यायशास्त्र, संविधान व प्रशासकीय कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा व मानवतावादी कायदा, फौजदारी, अपकृत्य व ग्राहक संरक्षण, व्यापारी कायदा, कौटुंबिक कायदा, पर्यावरण व मानवी हक्क, बौद्धिक संपदा व माहिती तंत्रज्ञान, आणि तौलनिक सार्वजनिक कायदा. न्यायशास्त्र व आंतरराष्ट्रीय कायदा हे घटक एलएल.बी.त वरवर झालेले असतात. तयारी तिथूनच सुरू करावी. फौजदारीत १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाची शिक्षा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ ऐवजी आता कलम १०३ मध्ये आहे, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये. जुनी निकालपत्रे जुन्याच कलमांनी बोलतात, म्हणून दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी लिहिलेली वही करून ठेवा. वर्गात शिकवतानाही तीच वही कामी येते.

जेआरएफसाठी वयाची मर्यादा ३० वर्षे आहे. एलएल.एम. झालेल्यांना तीन वर्षांची सूट मिळते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, केंद्राच्या यादीतील इतर मागासवर्ग आणि दिव्यांग यांना पाच वर्षांची. फेलोशिपची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये आहे. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही.

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. तिसऱ्या गटात नाव आले म्हणजे ‘नेट झाले’ असे समजून नोकरीचे अर्ज करणारे आहेत. त्या गटाला अध्यापनाची पात्रता मिळत नाही. शिवाय दुसऱ्या व तिसऱ्या गटाचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात.

सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. पेपरांची रचना नेटसारखीच आहे. वयाची अट नाही, फेलोशिप नाही, आणि पात्रता या दोन राज्यांपुरतीच आहे. कोल्हापुरात राहून पुढे बेळगावला किंवा इंदूरला नोकरी करायचा विचार असेल तर सेट पुरणार नाही. पण महाराष्ट्रातच शिकवायचे असेल तर दोन्ही परीक्षा द्याव्यात, अभ्यास एकच आहे. एलएल.एम.च्या शेवटच्या वर्षातच नेटला बसता येते. मात्र निकालानंतर दोन वर्षांच्या आत पदव्युत्तर पदवी आवश्यक टक्क्यांनी पूर्ण करावी लागते, नाहीतर पात्रता रद्द होते.

पीएच.डी. केव्हा?

यूजीसीच्या जुलै २०२३ मधल्या दुरुस्तीनुसार सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. मग ती करायची कशाला, असा प्रश्न येतो. उत्तर छाननीच्या तक्त्यात आहे. महाविद्यालयांसाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतला तक्ता शंभर गुणांचा आहे: पदवीला कमाल २१, पदव्युत्तरला २५, पीएच.डी.ला २५, जेआरएफसह नेटला १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५, शोधनिबंधांना ६, अनुभवाला १० आणि पुरस्कारांना ३.

उदाहरण घ्या. पदवीत ५८ टक्के म्हणजे १६ गुण. एलएल.एम.त ५७ टक्के म्हणजे २०. नेटचे ८ आणि एक वर्षाच्या अध्यापनाचे २. बेरीज ४६. हाच उमेदवार पीएच.डी. असेल तर ७१. एका जागेला शेकडो अर्ज आले की मुलाखतीला बोलावले जाते ते वरच्या काही जणांनाच. तक्त्याचे गुण फक्त बोलावण्यापुरते असतात, पण बोलावणेच आले नाही तर पुढचे सगळे व्यर्थ. विद्यापीठ विभागांसाठी तक्ता वेगळा आहे. तिथे पीएच.डी.ला ३० आणि निबंधांना १० गुण असून पदवीचा वाटा कमी आहे. नेट आणि सेट दोन्ही असले तरी गुण एकाचेच धरतात.

२०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला व दिव्यांगांना त्याहून दोन वर्षे जास्त, शिवाय महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा. सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क असते. मार्गदर्शकाकडे एका वेळी सहायक प्राध्यापक असल्यास चार, सहयोगी असल्यास सहा आणि प्राध्यापक असल्यास आठ विद्यार्थीच असू शकतात. अडचण जागांचीच होते. विधी विषयाचे मार्गदर्शक थोडे आहेत. पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) उत्तीर्ण होऊन मार्गदर्शक न मिळालेले विद्यार्थी जिल्ह्याजिल्ह्यात सापडतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची मार्गदर्शकांची यादी काढा, रिक्त जागा पाहा, आणि दोन पानांचा आराखडा घेऊन परीक्षेच्या आधीच भेटा. भेटायला जाताना त्यांचे एक-दोन निबंध वाचलेले असू द्या.

जाहिरात वाचता येणे

महाराष्ट्रातली विधी महाविद्यालये शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित अशी आहेत. शासकीय महाविद्यालयाची पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरतात. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे. त्याचे प्राचार्यपद १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वीकारले होते. तिथल्या जागेची जाहिरात निघते तेव्हा राज्यभरातून अर्ज येतात.

अनुदानित संस्थेच्या जाहिरातीत तीन गोष्टी शोधा: उच्च शिक्षण सहसंचालकांच्या ना-हरकतीचा उल्लेख, तपासलेल्या बिंदुनामावलीनुसार (कोणते पद कोणत्या प्रवर्गाला हे ठरवणारी यादी) प्रवर्ग, आणि पद पूर्णवेळ आहे की तासिका तत्त्वावर. ना-हरकत नसेल तर निवड होऊनही वेतनाला मान्यता मिळत नाही. राखीव पद असेल तर अर्जाची एक प्रत विद्यापीठाच्या मागासवर्ग कक्षाकडे पाठवायला सांगितलेले असते. ती पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. निवड समितीत कुलगुरूंचे प्रतिनिधी, विषयतज्ज्ञ आणि शासनाचे प्रतिनिधी बसतात. निवडीनंतर प्रस्ताव विद्यापीठाकडे मान्यतेला जातो आणि तिथून पुढे वेतननिश्चिती होऊन नाव शासनाच्या सेवार्थ या वेतन प्रणालीत येते. मान्यतेचे पत्र हाती येईपर्यंत दुसरीकडची चालू नोकरी सोडू नये.

विनाअनुदानित महाविद्यालयात वेतन कागदावर एक आणि हातात एक असे घडते. रुजू होताना नियुक्तिपत्रात वेतनस्तर लिहून घ्या आणि पगार बँकेतच घ्या. पुढे अनुभव मोजताना बँकेचे विवरणपत्रच उपयोगी पडते. तासिका तत्त्वावरील वर्षांनी छाननीत अनुभवाचे गुण मिळू शकतात. परंतु पदोन्नतीसाठी आधीची सेवा धरायची तर ती रीतसर निवडीने मिळालेली असावी आणि मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनाहून कमी नसावे, अशा अटी आहेत. तासिकांच्या मानधनात ती अट सहसा पूर्ण होत नाही. घर चालवण्याचा ताण मनात धरूनच तासिकांवर किती वर्षे काढायची ते ठरवा. तीन वर्षांहून जास्त काळ पीएच.डी.विना त्यात अडकू नये, असे आमचे ठाम मत आहे.

मुलाखतीत दहा मिनिटांचा पाठ घ्यायला सांगतात. विषय लहान घ्या, एक कलम आणि एक निकाल. फळ्यावर कलमाचे घटक लिहा, एक प्रसंग द्या, आणि तो त्या घटकांत बसतो का ते समितीपुढे तपासून दाखवा.

सनदेचे काय?

वकिली करत असाल तर दोन वाटा आहेत. वकिलांच्या अध्यापनासंबंधीच्या १९७९ च्या नियमांनुसार दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवणाऱ्या वकिलाला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, कायम ठेवता येते. पूर्णवेळ पगारी अध्यापक झालात तर मात्र सनद स्थगित करावी लागते, आणि तसे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला कळवावे लागते. हे न करता न्यायालयात उभे राहिलात तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते आणि महाविद्यालयातली नोकरीही धोक्यात येते. एलएल.एम.च्या प्रवेशाला किंवा अध्यापनाच्या पदाला सनद लागतच नाही.

रुजू झाल्यावर

सहायक प्राध्यापकाची सुरुवात शैक्षणिक स्तर १० मध्ये, ५७,७०० रुपये मूळ वेतनाने होते. आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, परिवीक्षा एक वर्षाची. स्तर ११ ला जायला पीएच.डी. असल्यास चार वर्षे आणि काहीच नसल्यास सहा. एलएल.एम.सारखी व्यावसायिक पदव्युत्तर पदवी असल्यास पाच. हा एक वर्षाचा फायदा कायद्याच्या अध्यापकाला नियमानेच मिळतो, पण कार्यालयात कुणी आपणहून सांगेलच असे नाही. प्रस्तावात तो परिच्छेद उद्धृत करून मागा. त्याआधी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि दोन आठवड्यांचा उजळणी वर्ग किंवा संशोधन पद्धतीचा वर्ग झालेला हवा. वर्ग उशिरा केला तर बढतीची तारीखही त्याच्यामागे सरकते.

स्तर ११ मधून १२ मध्ये जायला पाच वर्षे. त्यानंतर तीन वर्षांनी सहयोगी प्राध्यापक, स्तर १३-अ, मूळ वेतन १,३१,४०० रुपये. इथे पीएच.डी. अनिवार्य आहे. सरळ भरतीने सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर आठ वर्षांचा अनुभव, सात शोधनिबंध आणि ७५ संशोधनगुण लागतात. प्राध्यापकाला दहा वर्षे, दहा निबंध, १२० गुण. महाविद्यालयाच्या प्राचार्याला पंधरा वर्षे, दहा निबंध, ११० गुण.

निबंध कुठे छापता याला फार महत्त्व आहे. यूजीसीने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि नियतकालिकाचा दर्जा तपासण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणून प्रत्येक निबंधासोबत आयएसएसएन, संपादक मंडळ, तज्ज्ञ परीक्षणाची टिपणे आणि स्वीकृतीचा ईमेल जपून ठेवा. पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्यांपासून दूर राहा. असा निबंध छाननी समितीच्या हाती लागला की बाकीच्या निबंधांकडेही ती संशयाने पाहू लागते. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने अध्यापक भरतीच्या नव्या नियमांचा मसुदाही प्रसिद्ध केला. वर दिलेले आकडे २०१८ च्या नियमांतले आहेत. अर्ज करताना जाहिरातीत कोणत्या नियमांचा उल्लेख आहे, ते आधी वाचून गुणांची बेरीज त्यानुसार मांडा.